यशोदाबाईंचा डबा

"अवं, वर्ध्याची बस निघून जाईन!" बापूराव तिसऱ्यांदा ओरडले. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चपला, खांद्याला पिशवी. स्वारी अर्ध्या तासापासून दारात उभी होती.

आत धुरपताबाई सांभारवड्यांसाठी कोथिंबिरीचं सारण परतत होत्या. लेक सरिता वर्ध्याला नव्या घरात राहायला गेली, त्याला चार महिने झाले. आईनं अजून त्या घराचा उंबरा पाहिला नव्हता. दोनदा जायचं ठरलं, दोनदा राहिलं. कारण काय, तर शेजारच्या यशोदाबाईंचा डबा घरात पडला होता आणि तो भरायचा होता!

डबा साधाच, स्टीलचा. पण शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, हे सासूनं शिकवलेलं. सात वर्षांपूर्वी मुलाचं, कैलासचं लग्न झालं. त्याच आठवड्यात यशोदाबाईंनी त्या डब्यातून चिवडा धाडला. धुरपताबाईंनी लाडू भरून डबा परत केला. तिकडून करंज्या आल्या. करंज्यांना उत्तर म्हणून इकडून अनारसे गेले. झालं! दिवाळी असो की वांगी तोडायचा दिवस, डबा काही थांबेना. बापूरावांची शुगर वाढली, यशोदाबाईंच्या नवऱ्याचं पोट सुटलं, पण माघार घेणार कोण? कालच खव्याच्या गुजिया आल्या होत्या.

"अजी, गुजियाच्या बदल्यात का नुसती साखर घालू?" धुरपताबाई आतून म्हणाल्या.

"काईच नको घालू! रिकामा देऊन ये. फाशी देईन का ते तुले?"

तेवढ्यात सारण करपलं. धुरपताबाईंना रडूच आलं. लेकीची आठवण आली, स्वतःचा रागही आला. त्यांनी गॅस बंद केला, डबा पदरानं पुसला आणि तरातरा शेजारी निघाल्या. चोरी करायला निघाल्यासारख्या त्या इकडंतिकडं बघत होत्या.

"यशोदाबाई, हा घ्या डबा. रिकामा हाय. मले लाज वाटून राह्यली, पन माह्यानं आता होत नाई."

यशोदाबाईंनी झाकण उघडलं. आत पाहिलं. पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मग मटकन पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसत सुटल्या.

"माय वं! मी त कवापासून याच दिवसाची वाट पाहून राह्यली होती. तळन करू करू माहे गुडघे गेले, धुरपताबाई! पन तुमी काय मनसान, मनून बंद नाई केलं."

आता धुरपताबाईही हसायला लागल्या. दोघी हसून हसून दमल्या. रस्त्यावरून बापूरावांच्या हाका चालूच होत्या. धुरपताबाईंना एकदम हलकं वाटलं. त्या उठल्या.

"चला, सुटलो एकदाचे! आता ठेवून घ्या तुमचा डबा, अन् पुन्हा बाहेर काढू नोका."

"माहा डबा?" यशोदाबाईंचं हसू थांबलं. "अवं, हा त कैलासच्या लग्नात माह्या घरी राह्यलेला तुमचा डबा. मनून त भरून धाडला होता! माहा असता, त मी सात वर्षाआधीच ठेवून घेतला नसता का?"