पदरचा रकाना

मुलाचा साखरपुडा मोडताना भिमाजीरावांनी हर्षालीच्या घरी निरोप धाडला, "पोर लई शिकलीय, आमच्यात नांदायची न्हाई." हर्षालीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, दुसऱ्या दिवशी ती वेबसाइट बनवायला शिकवणारं, वेब फ्रेमवर्कचं पुस्तक घेऊन बसली. सरावासाठी तिनं मंचरच्या वधूवर केंद्राचा ऑनलाइन अर्ज बनवायला घेतला. नाव, शिक्षण, शेती, सगळे रकाने पुस्तकात बघून जमले. मग तिनं पदरचा एक घातला, 'मोडलेल्या सोयरिकी किती?' तो भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकू नये, याला कोडची एकच ओळ पुरली. तिनं नेऊन दाखवल्यावर केंद्रवाल्यांना अर्ज आवडला आणि त्यांनी तिलाच कामावर बसवलं. दिवाळीनंतर भिमाजीराव मुलाचं नाव नोंदवायला आले. त्या रकान्यापाशी हळूच म्हणाले, "शून्य टाक." तिनं एक टाकला. खाली 'कारण' हा रकाना उघडला. "हे मुलीकडचे आधी वाचतात, मामा. तुमचा तोच निरोप सांगा, मी लिहिते."