गुरुवारची चिंधी

तकलामाकानच्या वाळूत एक टेकाड होतं, गाव त्याला पिराची कबर मानायचं. हालचेम दर गुरुवारी पाय ओढत तिथे जायची, तिथे रोवलेल्या काठीला चिंधी बांधायची आणि एकच मागायची: जेडचे दगड शोधायला डोंगरात गेलेला लेक ओस्मान घरी येऊ दे. यंदा उत्खननवाल्यांनी ते टेकाड उकरलं, तर खाली कबर नव्हतीच. निघालं जुनं बौद्ध मंदिर, आणि आत बुद्धाची मातीची मूर्ती.

"इतकी वर्षं भलत्याच दारात रडत बसलीस," नवरा म्हणाला. "पिराला ऐकू जाणार कसं?"

हालचेम खड्ड्याच्या काठावर टेकली. हातातली चिंधी तशीच मुठीत धरून ती मूर्तीकडे बघत म्हणाली,

 

"कान तर चांगले खांद्यापर्यंत आलेत की रे तुझे."