दगडावरचं गरम पाणी

टाकीतले मासे एकाएकी वर येऊन धापा टाकू लागले आणि चष्मेवाला टाकीकडे धावला.

चष्म्याच्या दुकानाला आज सुट्टी होती. सकाळीच त्याने आपल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून एक दगड उपटून काढला होता. त्यावर बटणांसारखं प्रवाळ माजलं होतं, दुसऱ्या कशाला वाढूच देत नव्हतं. उपटताना थोडं चिरडलं. हे प्रवाळ दुखावलं की विष सोडतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उपायही ठाऊक होता. त्याने अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा डबा उचलला. विष शोषून घेणारा हा कोळसा फिल्टरमध्ये घालायचा, पण आधी धुवायचा, नाहीतर भुकटीने पाणी काळं होतं. तो न्हाणीघरात नळाखाली बसला.

"अहो," स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली. ती खोकत होती. "तोंडात कसली तरी लोखंडी चव येतेय."

"पाणी पी."

"छातीत भरल्यासारखं..."

"अगं, थांब जरा! इथे जीव चाललेत!"

ती थांबली. टाकीला ती सवत म्हणायची, पण हसून म्हणायची.

काळं पाणी निवळेपर्यंत त्याने कोळसा धुतला, पिशवीत भरला, फिल्टरमध्ये बसवला आणि टाकीसमोर गुडघे टेकून बसला. बराच वेळ काही झालं नाही. मग पिवळा मासा खाली गेला. त्याच्यामागून जांभळा. चष्मेवाल्याने घाम पुसला.

"वाचले गं!" तो ओरडला.

उत्तर आलं ते लेकीचं. ती नुकतीच बाहेरून आली होती. "बाबा! आईला बघा!"

बायको ओट्याला पाठ लावून फरशीवर बसली होती. ओठ निळे पडले होते. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. वर, सिंकमध्ये तो दगड होता आणि बंद खिडकीच्या काचेवर वाफ जमली होती. शेजारी रिकामं पातेलं.

चष्मेवाला जागच्या जागी थिजला. 'उकळतं पाणी ओत त्याच्यावर, म्हणजे परत उगवायचं नाही,' असं सकाळी त्यानेच तिला सांगितलं होतं. पाण्यात उतरलेलं ते विष वाफेवाटेही अंगात जातं, हे त्याने वाचलेलं होतं. वाचलं होतं आणि विसरला होता.

"बाबा, उभे काय राहिलात? धरा तिला!" लेकीने खिडकी उघडली. दोघांनी मिळून तिला ओढतच बाहेर आणलं.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ओठांना रंग आला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडक्यात निभावलं. रात्रभर इथेच राहू दे." मग चष्मेवाल्याकडे वळून त्यांनी विचारलं, "श्वास लागायला सुरुवात कधी झाली?"

त्याने तोंड उघडलं. लेक त्याच्याकडे बघत होती.

बायकोने नाकावरचा मास्क बाजूला केला.

"त्यांना नका विचारू," ती म्हणाली. "ते तेव्हा कोळसा धूत होते."