टेकडीवरचा बाप्तिस्मा

दोन तास झाले, तुळसाबाई सागाच्या जंगलातून चढत होती. टेकडीवरच्या चर्चपर्यंत गाडी जात नव्हती. रामटेकला दर्शनाला जाते, असं घरी सांगून ती निघाली होती. आज नातीचा बाप्तिस्मा आहे हे नवऱ्याला कळतं, तर त्याने तिला कन्हान गावाच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. वाळक्या पानांवरून पाय घसरला, की ती एखादं खोड धरून उभी राही आणि पुन्हा चढू लागे.

ती पोचली तेव्हा विधी आटोपला होता. झाडाखाली पंगत बसली होती. पायरीवर रितिका बाळाला घेऊन बसलेली. तीन वर्षांनी लेक दिसली. अंगाने जरा भरली होती.

धापेमुळे तुळसाबाईला बोलता येईना. तिने नुसते हात पुढे केले.

रितिकाने बाळाला छातीशी घेतलं. "कोणं सांगतलं तुले इथचं?"

"एक डाव घेऊ दे वं मांडीवर. मंग जातो मी."

"पियूषसंग लग्न केलं तं माही तेरवी केली न तुमी?" रितिका हळूच म्हणाली. लोक बघत होते, म्हणून तोंडावर हसू तसंच ठेवलेलं. "फोटोले हार घातला."

"तुह्या बापानं केलं ते..."

"अन् पिंडाचा भात कोणं रांधला, माय?"

तुळसाबाईने पुढे केलेले हात मागे घेतले.

तेवढ्यात रितिकाची सासू आली. "कोण आहेत वं ह्या?"

"मी नाही ओळखत, मम्मी. वाट चुकल्या वाटते. पाणी द्या त्याईले."

सासूने तुळसाबाईला हाताला धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं. "एवढ्या जंगलात एकट्याच निघाल्या, मावशी? लेकरंबाळं नाहीत काय?"

तुळसाबाईने घोट गिळला. रितिका टक लावून बघत होती.

"एक पोरगी होती," तुळसाबाई म्हणाली. "मेली."

सासूचे डोळे भरून आले. रितिका काही म्हणायच्या आत सासूने तिच्याजवळून बाळ उचललं आणि तुळसाबाईच्या मांडीवर ठेवलं. "घ्या मावशी. जीवाले बरं वाटन."

तुळसाबाई बाळाचं तोंड बघत राहिली. मान वर करून तिने रितिकाकडे एकदाही पाहिलं नाही.