डावी बाजू

आलेख पुन्हा तसाच आला. उजवीकडचे स्तंभ पायऱ्या उतराव्यात तसे शहाण्यासारखे लहान होत गेलेले. डावीकडे मात्र एकशे वीस सेंटिमीटरला थेट कडा. त्याच्या खाली एकही मूल नाही.

श्रद्धाने पेन्सिल खाली ठेवली. सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्रात ती एकदा नापास झाली होती. उद्या प्रॅक्टिकलची वही द्यायची होती: एका इयत्तेच्या मुलांच्या उंच्या मोजायच्या आणि नॉर्मल वक्र काढायचा. आकडे मनचे घातलेले दिसले की शून्य, असं सरांनी बजावलं होतं. शून्य म्हणजे पुन्हा नापास, आणि पुन्हा नापास म्हणजे घरी अण्णा तिचं कॉलेज बंद करणार. म्हणून ती कुंडलजवळच्या या शाळेत चौथीची मुलं मोजायला आली होती आणि आता साडेचारची एसटी जवळ येत चालली होती.

तिने टेप तपासला, बेरजा तपासल्या. चूक सापडेना. सर फळ्यावर घंटेच्या आकाराचा वक्र काढून म्हणायचे, सरासरीच्या जितकी वर, साधारण तितकीच खाली. तिने ते नुसतं पाठ केलं होतं. आता तिने त्या रिकाम्या डाव्या बाजूवर बोट ठेवलं. इतकी उंच मुलं आहेत, तर बुटकीही असणारच. कुठेतरी.

पटावर साठ. मोजलेली सत्तेचाळीस. बाकीची आजारी, असं हेडमास्तर नानासो गुरुजी म्हणाले होते. पण आजारपण काय उंची बघून येतं?

“गुरुजी, तेरा मुलं कमी आहेत,” ती त्यांच्यापुढे जाऊन म्हणाली. “सगळी बुटकी.”

गुरुजींचा चहा बशीतच राहिला. “कुणी सांगितलं तुमास्नी?”

“या कागदानं.”

गुरुजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत चुगलखोर पुष्कळ भेटले होते, पण चुगली करणारा आलेख पहिलाच.

“आवं ताई, खरं सांगा, वरनं आलाय न्हवं? पोरांस्नी सरकारी तांदूळ चालू हून दोन वर्सं झाली तरी पोरं खुजीच, आसं लिवून न्ह्याल. माजी बदली हुईल.”

“वरून नाही हो! मी नापास मुलगी आहे,” श्रद्धा रडकुंडीला आली. “ती मुलं मिळाली नाहीत तर परत होईन.”

गुरुजींनी बशी खाली ठेवली. मग उठून त्यांनी मागच्या खोलीची कडी काढली. तेरा जण तांदळाच्या पोत्यांवर हाताची घडी घालून बसले होते.

श्रद्धाने घाईघाईने एकेकाला भिंतीशी उभं केलं. एकशे अठरा. एकशे पंधरा. एकशे सोळा. डावीकडचे चौकोन भरू लागले, उतार खाली आला. तिला इतकं हायसं वाटलं की त्याचीच लाज वाटली.

शेवटची नूरीन. ती भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली, चवड्यांवर.

“टाच टेकव गं,” श्रद्धा म्हणाली.

नूरीनने आधी गुरुजींकडे पाहिलं.

“टेकवली तर परत आत बसवणार न्हाई न्हवं?”