निम्मं निम्मं

धाकट्याने चार्जिंगच्या यंत्राची दुसरी गन आपल्या विजेवरच्या गाडीत खुपसली आणि थोरल्याच्या गाडीचा चार्जिंगचा वेग तिथल्या तिथे निम्म्यावर आला.

थोरला पडद्यावरच्या आकड्याकडे बघत राहिला. यंत्र एक, त्याला गन दोन. एकच गाडी लावली तर सगळी वीज तिला, दुसरी लावली की दोघींना निम्मी निम्मी. त्यात रात्रभर गारठ्यात उभी राहून बॅटरी थंड पडलेली, म्हणून ती मुळातच रडतखडत भरत होती. शेजारचं यंत्र बंद होतं, तेव्हा धाकट्याला तरी दुसरा इलाज कुठे होता. हे थोरल्याला कळत होतं. कळलं म्हणून राग थोडाच जातो.

दोघांनाही जायचं होतं एकाच घरी, बहिणीकडे. तिथे आई शेवटच्या घटका मोजत होती.

ताईचा फोन आला. "कुठवर आलास?"

"चार्जिंगला थांबलोय."

"आणि तो?"

धाकटा हातभर अंतरावर पाठ करून उभा होता. "इथेच आहे," थोरला म्हणाला.

"म्हणजे दोघं एकत्र आहात?" ताईच्या आवाजात एवढा आनंद होता की थोरल्याला नाही म्हणवेना.

"हो."

"लवकर या रे. डोळे दाराकडे लावून पडलीय."

घराच्या मधोमध भिंत घातली त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. त्या वेळी पातेल्या-झाऱ्यांपर्यंत सगळं काटेकोर निम्मं निम्मं झालं. फक्त आईचं काय करायचं ते ठरेना, म्हणून ती ताईकडे गेली. दोघांनाही तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

धाकट्याची बायको शाल सावरत थोरल्याकडे आली. दोन्ही बाजूंना तोंड दाखवू शकणारी तेवढी एकच उरली होती.

"दादा, तुमचं किती झालंय?"

"एकवीस टक्के."

"आमचं पस्तीस. पोचायला साठ तरी लागतील." ती जरा घुटमळली. "तुम्ही आमच्या गाडीत बसता का? तुमची गन काढली की सगळी वीज आम्हाला मिळेल, पटकन निघू. तुमची गाडी राहू दे इथे, नंतर नेता येईल."

सरळ गोष्ट होती. थोरल्याच्या ओठांवर बरं आलंसुद्धा होतं.

"हे त्याने सांगितलंय का?"

"मीच म्हणतेय."

"मग त्याला सांग, मी आधी आलोय. त्याची गन काढ म्हणावं, आणि बसा दोघं माझ्या गाडीत."

ती मान वळवून नवऱ्याकडे बघायला लागली. निरोप पोचवायची गरज नव्हती, त्याला शब्द न् शब्द ऐकू गेला होता. तो समोरच्या कुंपणाला उद्देशून म्हणाला, "आधी आला. जन्मालाही आधीच आला. आधी येण्याचंच खातोय आयुष्यभर."

"अहो, तिकडे आई..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ऐकणार कोण होतं?

ती गाडीत जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं. दोघे भाऊ आपापल्या गाडीला टेकून आपापला पडदा बघत उभे राहिले. आकडे मुंगीच्या पावलांनी चढत होते. गनला हात लावेल तो हरला, असं दोघांनीही मनात धरलं होतं. ती बोलली तेव्हाच तिघं एका गाडीत बसले असते, तर एव्हाना रस्त्याला लागले असते. थोरल्याने हा हिशेब मनातल्या मनात करून पाहिला. धाकट्यानेही केला असणार, कारण गाड्यांमधलं दोघांनाही चांगलं कळायचं.

एकदा धाकट्याने खिशातून हात बाहेर काढला. आता काढेल हा, आणि मग आपणही काहीतरी बोलू, निदान त्याचं नाव तरी घेऊ, असं थोरल्याला वाटलं. धाकट्याने नाक पुसलं आणि हात पुन्हा खिशात घातला.

ताईचा परत फोन आला. या वेळी तिच्या आवाजात घाई नव्हती.

"सावकाश या आता."

थोरल्याने पडद्याकडे पाठ फिरवली.

"मी सांगितलं तिला, दोघं एकत्र आहेत म्हणून. एकाच गाडीतून येतायत, असंही ठोकून दिलं. तिचा जीव तेवढ्यातच अडकला होता. तर म्हणते कशी, मग उशीर झाला तरी चालेल." ताईचा आवाज फुटला. "आणि गेली रे."

थोरल्याने फोन खाली घेतला. त्याचा चेहरा बघून धाकट्याला काही विचारावं लागलं नाही. त्याने चार्जिंग बंद केलं, आपली गन काढली आणि यंत्राला नीट अडकवून ठेवली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो थेट थोरल्याच्या डोळ्यांत बघून बोलला.

"घे. आता सगळी तुला."