कोटाच्या बटणाएवढं कुलूप

मावशीनं काजवालीची पिशवी कापणीच्या टेबलावर उपडी केली.

कंगवा, रुमाल, जेवणाचा डबा, गोळ्यांची अर्धी पट्टी, बसचा पास. किल्ली नव्हती. सगळ्यात शेवटी चष्म्याचं घर पडलं आणि घरंगळत कात्रीपाशी जाऊन थांबलं. मावशीनं तेही उघडलं. आत जाड भिंगांचा चष्मा होता.

मावशीच्या शिवणखोलीतल्या सगळ्या मशिनी थांबल्या. "चष्मा लागला की काजं करणाऱ्या बाईनं घरी बसावं," हे मावशीचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून सगळ्यांच्या आधी हसायची ती ही काजवालीच.

"किल्ली मी तुमच्या हातात दिली, मावशी," काजवाली म्हणाली. "काल बटणं काढली आणि लगेच दिली."

"दिलीस? मग कपाटाला कुलूप काय वाऱ्यानं लावलं?"

कपाट आठच दिवसांपूर्वी एका मोडीत निघालेल्या दुकानातून आणलेलं, सरकत्या दारांचं. दाराच्या कडेला जुनं पितळी कुलूप, गोल, कोटाच्या बटणाएवढं. मावशी त्यात किल्ली घालायची, अंगठ्यानं कुलूप आत दाबायची, मग किल्ली काढून कमरेला खोचायची. किल्ली एकुलती एक. आत गिऱ्हाइकाचा कोट अडकलेला, आणि गिऱ्हाईक बारा वाजता येणार. किल्ली जिच्याकडे तिनंच कुलूप लावलं, यात मावशीला काडीची शंका वाटत नव्हती.

"वन्सं, पुरे आता," मशिनीवरून तिची भावजय म्हणाली. सगळ्याजणी तिला वहिनीच म्हणत. "बारा वर्षं झाली तिला इथं."

"म्हणूनच म्हणते. घरचा भेदी..." मावशीनं वाक्य अर्धं सोडलं. उरलेलं सगळ्यांनी मनात पुरं केलं.

तेवढ्यात बोलावलेला कुलूपवाला आला. कपाटापुढे उकिडवा बसला आणि कुलूप बघून जुना सोबती भेटावा तसा खुलला. "अरे वा, हे अजून जिवंत आहे!" त्यानं दोन तारा आत घातल्या, कान लावला, मनगट जरासं फिरवलं. पितळेचं बटण टपकन बाहेर आलं. त्यानं दार सरकवलं.

आत कोट टांगलेला होता. खाली अस्तराच्या घड्यांवर किल्ली पडली होती, मावशीनंच बांधलेल्या लाल दोऱ्यासकट.

"आत?" मावशी म्हणाली. "किल्ली आत, तर कुलूप लावलं कुणी?"

"कुणीही लावेल." त्यानं किल्ली काढून घेतली, दार पुन्हा ओढलं आणि कोपरानं कुलपाला एक धक्का दिला. टक. "याला लावायला किल्ली लागत नाही, बाई. नुसतं दाबायचं. किल्ली फक्त उघडायला. फार गरीब कुलूप हो हे, कुणाचंही ऐकतं."

मावशीची नजर त्याच्या कोपरावर खिळली. काल संध्याकाळी तिनं किल्ली अस्तरावर ठेवून कोट टांगला होता. मग आजच्या कापणीचं कापड दोन्ही हातांनी उचललं होतं आणि कोपरानं दार कुलपापाशीच रेटलं होतं.

ती वळली. काजवाली पिशवी भरत होती. कंगवा, पास, गोळ्या. डबा पुसून आत ठेवला. चष्मा मात्र आत ठेवला नाही. तो डोळ्यांवर चढवून ती काजं करायला बसली.

बारा वाजता गिऱ्हाईक आलं. काजांवरून बोट फिरवून "हातानं केलीत?" म्हणालं आणि कोट घेऊन गेलं. मावशीनं चहा मागवला, पहिला कप काजवालीपुढे ठेवला. "आज लवकर गेलीस तरी चालेल हं."

"काम आहे ना," काजवाली म्हणाली.

दिवसभरात मावशी तीनदा तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते, "तपकिरी दोरा पुरेल ना गं?"

"पुरेल."

सहा वाजले. मशिनींवर झाकणं पडली. काजवाली मावशीच्या टेबलापाशी आली, खांद्यावरची पिशवी उतरवली, दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडून मावशीपुढे धरली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"बघून घ्या, मावशी."

"अगं, हे काय भलतंच! जा तू, जा."

काजवाली हलली नाही. तिच्यामागे इस्त्रीवाली येऊन उभी राहिली. तिनं आपली पिशवी उघडली. तिच्यामागे आणखी दोघी. कुणी कुणाला खुणावलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी वहिनी. तिनंही पर्सची चेन ओढून पर्स उघडी धरली होती.

"वन्सं, जरा भराभर बघा," ती म्हणाली. "माझी बस जाईल."